काडतुसात गोळी सैल राहतेय, क्रिम्प वाढवला तर अजूनच सैल (भाचा अमेरिकेत, मी नाशकात)

टूलरूम_सातपूर

नमस्कार मंडळी. प्रश्न पिस्तुलाच्या काडतुसांचा आहे, पण आधीच सांगून टाकतो की हे इथे नाशकात काही चाललेलं नाहीये, उगाच कुणी घाबरू नका. माझा भाचा ओहायोला असतो, शनिवार-रविवार नेमबाजीच्या रेंजवर जातो आणि तिकडे बरेच जण करतात तसं वापरलेल्या पुंगळ्या गोळा करून घरी गॅरेजमध्ये परत भरतो. तिथे त्याला त्याची मुभा आहे. मी सातपूरला टूलरूममध्ये, सगळं आयुष्य पंच, डाय आणि मायक्रॉनच्या मारामारीत गेलं, म्हणून तो मला व्हिडिओ कॉलवर दाखवतो की मामा हे बघ ना काय होतंय.

काडतूस ९ एमएम लुगर, म्हणजे ९ बाय १९ वालं. गोळी तांब्याच्या जॅकेटची म्हणजे आवरणाची, वजन ११५ ग्रेन. प्रेस आणि डायचा सेट त्याने कुणाकडून तरी वापरलेला घेतला, नवीन महाग पडतो म्हणे. त्याची पद्धत अशी की पहिल्या डायमध्ये पुंगळी दाबून बारीक करायची, दुसऱ्यात तोंड किंचित उमलवायचं, मग तिसऱ्यात गोळी बसवायची आणि चौथ्यात क्रिम्प, म्हणजे पुंगळीचं तोंड गोळीवर आवळायचं. आता होतंय काय, तयार काडतूस टेबलाच्या कडेला टेकवून अंगठ्याने जोर दिला की गोळी आत सरकते, काही काही तर बोटाने गोल फिरवता येतात. तो म्हणाला क्रिम्प कमी पडतोय, म्हणून त्याने क्रिम्पची डाय अजून खाली घेतली, तरी सैल. अजून खाली घेतली तर मला वाटतं आधीपेक्षा जास्तच सैल झाली, आणि इथेच माझं डोकं फिरलं कारण दाबल्यावर घट्ट व्हायला पाहिजे ना.

माझ्या दृष्टीने हा सरळ इंटरफिअरन्स फिटचा (भोक वस्तूपेक्षा किंचित लहान ठेवून घट्ट बसवायचा) मामला आहे, पण मी जन्मात काडतूस हातात धरलेलं नाही, तेव्हा जाणकारांनी सांगा की मोजायचं काय आणि कुठल्या क्रमाने. आणि जी अशी सैल बनून पडली आहेत त्यांचं काय करायचं, तो म्हणतो मारून टाकतो रेंजवर. मी म्हटलं थांब जरा.

---

फिनिक्सवाला_पंचवटीचा

मामा तुम्ही थांबवलंत ते फार चांगलं केलंत, त्याला सांगा एकही मारू नकोस. कारण पुढे सांगतो.

मी मूळचा पंचवटीचा, बरीच वर्षं अॅरिझोनात, आणि ९ एमएम हेच सगळ्यात जास्त भरतो. तर पहिली गोष्ट, जी जवळपास प्रत्येक नवीन माणूस उलटी समजतो, ती म्हणजे ऑटोमॅटिक पिस्तुलाच्या काडतुसात क्रिम्प गोळीला धरत नाही. धरते ती पुंगळीची भिंत, गोळीच्या सगळ्या अंगाला वेढून. तिला नेक टेन्शन म्हणतात. क्रिम्पचं काम एवढंच की दुसऱ्या डायने तोंड जे उमलवलेलं असतं ते परत सरळ करायचं, म्हणजे काडतूस चेंबरमध्ये, बॅरलच्या मागच्या टोकाला ते बसतं त्या जागेत, अडकत नाही. बास. ९ एमएम चेंबरमध्ये टेकतं तेच मुळी पुंगळीच्या तोंडाच्या कडेवर, तेव्हा ती कड आत वळवून टाकली तर त्याला टेकायला जागाच राहत नाही, मग कधी फायरिंग पिन नीट लागत नाही वगैरे नवीन नाटकं सुरू होतात. रिव्हॉल्वरच्या .३८ किंवा .३५७ मध्ये जो वळवलेला क्रिम्प बघितला असेल तो वेगळा, तिथे पुंगळीला मागे रिम म्हणजे बाहेर आलेली कड असते आणि गोळीवर खाच असते, कड त्या खाचेत बसते.

आता मोजायच्या आधी एक बिनखर्चाची तपासणी सांगतो. प्रायमर (बुडातली ठिणगी देणारी टिकली) नाही, दारू नाही, नुसती रिकामी पुंगळी आणि गोळी घेऊन करायची, हे नक्की बजावा.

पहिल्या डायमधून काढलेली पुंगळी घ्या, तोंड उमलवायच्या आधी. गोळी बोटाने आत जाते का बघा. जाता कामा नये, अजिबात नाही. गेली तर ही पहिली, म्हणजे साइझिंग डाय तरी बाद किंवा ती पुरेशी खाली सेट केलेली नाही, किंवा ती पुंगळीच पातळ भिंतीची आहे.

मग दुसऱ्या डायनंतर. गोळी उमललेल्या तोंडावर उभी राहिली पाहिजे, फार तर एक-दीड मिलिमीटर आत, आणि तिथून पुढे बोटाने ढकलली तरी जाता कामा नये. इथे जर ती खुळखुळत आत गेली तर चोर दुसऱ्या डायमध्ये आहे.

मग बसवल्यावर, क्रिम्पच्या आधी. टेबलाला लावून अंगठ्याने दाबा, आधी आणि नंतर एकूण लांबी व्हर्निअरने मोजा. आणि शेवटी क्रिम्पनंतर पुन्हा तेच. ज्या टप्प्यावर पहिल्यांदा फेल जाईल तिथेच बघायचं, त्याच्या पुढच्या डायला हात लावायचा नाही. माझी पैज दुसऱ्या डायवर आहे, वापरलेला सेट म्हटलात ना, तिथेच शंका आली.

---

गोदाकाठचा_बाळ्या

फेविक्विकचा एक थेंब 😄 विषय संपला

---

देवळाली_कॅम्प_निवृत्त

बाळ्या, हसण्यावारी नेऊ नकोस, असं खरंच करणारे लोक असतात. मी तोफखान्यात होतो, पिस्तुलाशी संबंध कमीच, पण एवढं सांगतो की लष्करी छोट्या हत्यारांच्या काडतुसात पुंगळीच्या तोंडाशी काळं डांबरासारखं सील लावलेलं असतं, ते बघून लोकांना वाटतं गोळी चिकटवलेली आहे. मुख्य हेतू पाणी आणि दमट हवा दारूपर्यंत जाऊ नये हा. तिथेही पकड पितळेचीच लागते, सैल फिटवर डिंक लावून काम कुणी भागवत नाही.

आणि गोळी आत सरकली तर काय होतं हे मामांच्या भाच्याला कुणीतरी नीट समजावून सांगा, मुलं ते हलक्यात घेतात.

---

फिनिक्सवाला_पंचवटीचा

तेच लिहायला बसलो होतो.

पिस्तुलात मॅगझिनमधून काडतूस वर येतं तेव्हा गोळीचं नाक बॅरलच्या तोंडाशी असलेल्या उतारावर आपटतं आणि मग चेंबरमध्ये सरकतं. स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकणारा भाग, काय हळूच येत नाही, जोरात येते. गोळी सैल असेल तर त्या धक्क्याने ती पुंगळीत मागे ढकलली जाते, याला सेटबॅक म्हणतात. ९ एमएमची पुंगळी १९ मिलिमीटरची, त्यात खालचा भाग भरीव, आतली जागा मुळातच एवढीशी. गोळी एखाद-दीड मिलिमीटर जरी आत गेली तरी दारूला मिळणारी जागा बरीच कमी होते आणि दाब सरळ प्रमाणात नाही तर झपाट्याने वर जातो. या काडतुसाची अमेरिकन मानकातली कमाल मर्यादा ३५,००० पीएसआय (चौरस इंचावर पाउंड, दाबाचं एकक) आहे, तुलनेला .३८ स्पेशलची १७,००० आहे, म्हणजे आधीच वरच्या पट्टीत चालणारी वस्तू आहे आणि वरून हा प्रकार. पुंगळीचा मागचा आधार नसलेला भाग फाटला तर गॅस मॅगझिनमधून खाली, ग्रिपच्या फळ्या उडतात, हात भाजतो. तेव्हा "मारून टाकतो" हे बंद.

बनलेल्या काडतुसांवर परत क्रिम्प मारायचा नाही, परत डायमध्ये दाबायची नाहीत. गोळी काढायचा प्लास्टिकचा हातोडा मिळतो, त्यात काडतूस उलटं अडकवून लाकडाच्या ओंडक्यावर ठोकायचं, जडत्वाने गोळी आणि दारू पुढे येतात आणि पुंगळी मागे राहते. चष्मा लावून. खाली सिमेंटची फरशी नको, लाकूडच. निघालेल्या गोळ्या मोजून घ्या, क्रिम्पने चेपलेल्या असतील तर वेगळ्या काढा.

---

अंबड_प्रेसटूल

टूलरूमवाले दादा, तुमचा "दाबलं की सैल का" हा प्रश्न मला जास्त आवडला कारण हा आपल्या रोजच्या धंद्यातला आहे, फक्त वस्तू वेगळी. मी अंबडला प्रेस टूल डिझाइन करतो, पितळेचे डीप ड्रॉ पार्ट बरेच केलेत.

पुंगळी म्हणजे ७०-३० पितळ, सत्तर टक्के तांबं आणि तीस टक्के जस्त, ओढून ओढून कडक झालेलं. त्याला दाबलं की सोडल्यावर थोडं परत येतं. आत गोळीत शिसं, वर पातळ तांबं. शिसं दाबलं की कणकेसारखं दाबलेलंच राहतं, परत येत नाही म्हटलं तरी चालेल. आता बाहेरून डायने दोघांना एकदम दाबा. दोघं बारीक झाले. डाय सोडली, पितळ थोडं बाहेर आलं, शिसं जागच्या जागी. मधे काय राहिलं? फट. जितका जास्त क्रिम्प तितकी गोळी जास्त चेपली आणि तितकी फट पक्की. तुमच्या भाच्याने डाय खाली घेत घेत स्वतःच गोळी सैल करून घेतली, त्यात गूढ काही नाही.

दुसरा मुद्दा, जो मी ढोबळ हिशोब करून बघितला. कडक पितळेचा यील्ड (ज्या ताणाच्या पुढे ते परत येत नाही) साधारण ४०० मेगापास्कल धरा, ई म्हणजे ताठपणा ११० गिगापास्कल. भागाकार केला की ०.००३६ च्या आसपास स्ट्रेन, म्हणजे मूळ मापाच्या प्रमाणात ताणलं जाणं, येतो, ९ मिलिमीटर व्यासाला गुणलं की ३०-३३ मायक्रॉन, म्हणजे एक-सव्वा थाउ (थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग). याचा अर्थ पुंगळी गोळीला स्प्रिंगसारखं जे आवळते ते जास्तीत जास्त या सव्वा थाउच्या जोरावर. पुंगळीचा आतला व्यास गोळीपेक्षा तीन थाउ कमी ठेवा नाहीतर सहा थाउ ठेवा, गोळी आत जाताना पितळ ताणून यील्ड होणार आणि पकड तेवढ्यास तेवढीच येणार. उलट सहा थाउ ठेवलेत तर गोळीच सोलून निघेल. पण अर्ध्या थाउवर आलात तर पकड निम्म्याने गेली, आणि शून्यावर आलात तर ओम फस. म्हणून साइझिंग अजून अजून बारीक करत बसू नका, फक्त खात्री करा की आतला व्यास गोळीपेक्षा निदान दोन थाउ कमी आहे.

आणि व्हर्निअरच्या आतल्या जबड्यांनी पुंगळीचा आतला व्यास मोजू नका हे तुम्हाला सांगायला नको, एवढ्या लहान भोकात जबड्याची सपाट कड कमीच दाखवते. पिन गेज, म्हणजे अचूक व्यासाच्या मोजायच्या सळ्या, लागतील. भाच्याकडे नसणार म्हणा.

---

टूलरूम_सातपूर

वा. शिसं आणि पितळ वेगवेगळं परत येतं हे माझ्या लक्षात यायला हवं होतं खरं तर, असो, आता पटलं.

काल रात्री (त्याची सकाळ) बसलो आणि सगळं मोजून घेतलं. पिन गेज नाहीत त्याच्याकडे पण मायक्रोमीटर बरा आहे, म्हणून बाहेरून मोजून भिंतीची जाडी वजा केली. तो इंचात बोलतो त्यामुळे दोन्ही देतो.

गोळी .३५५ इंच, म्हणजे ९.०२ मिमी, खोक्यावर लिहिलंय तेच.
पुंगळीच्या तोंडाशी भिंत बहुतेकांची .०११, ०.२८ मिमी. एका मार्कच्या पुंगळ्या मात्र .००९ भरल्या.
साइझिंगनंतर बाहेरून .३७३. म्हणजे आतून .३५१. गोळी बोटाने जात नाही, फिनिक्सवाल्यांची पहिली परीक्षा पास.
दुसऱ्या डायनंतर गोळी चक्क आत पडली!! आवाज आला टक करून, मला फोनवर ऐकू आला.

मग त्याला म्हटलं ती डाय उघड आणि आतला प्लग, म्हणजे तोंड उमलवणारा खुंट, बाहेर काढ. प्लगचा व्यास .३५७ भरला, ९.०७ मिमी. म्हणजे गोळीपेक्षा दोन थाउ मोठा. आता पितळ एक थाउ परत आलं तरी आतून .३५६ आणि गोळी .३५५, मग ती राहील कशी. पण हे असं का असेल, चुकून दुसऱ्याच सेटचा प्लग आला का?

आणि हो, क्रिम्प केल्यावर तोंडाशी बाहेरून .३७० येतंय. हे बरोबर की चूक ते सांगा.

---

फिनिक्सवाला_पंचवटीचा

पैज जिंकलो, पुढच्या वेळी नाशिकला आलो की मिसळ तुमच्याकडून, रस्सा तिखटच.

प्लग चुकीचा म्हणता येणार नाही, चुकीच्या गोळीला लावलेला आहे. आधीचा मालक ओतीव शिशाच्या गोळ्या वापरत असणार. त्या .३५६ किंवा त्याहून जाड ठेवतात कारण शिसं बॅरलच्या आट्यांना घट्ट बसलं नाही तर बॅरलमध्ये शिशाचा लेप चढतो. आणि शिसं मऊ, घट्ट पुंगळीत घालताना तेच दबून बारीक होतं, म्हणून ते लोक मोठा प्लग मुद्दाम घालतात. त्याच्यासाठी ते बरोबरच होतं. .३८ चा प्लग चुकून बसलेला असाही प्रकार होतो, दिसायला सारखेच असतात. जॅकेटच्या .३५५ गोळीला प्लग .३५२ ते .३५३ पाहिजे. नवीन प्लग एकटा मिळतो, अख्खी डाय घ्यायची गरज नाही.

तुम्ही म्हणाल मी इथे सातपूरला लेथवर घासून देतो, तर देऊ नका, पुढे कायद्यावर कुणीतरी बोलेलच.

क्रिम्पचं गणित तुम्हाला येतंच. गोळी .३५५ अधिक दोन्ही बाजूंची भिंत .०२२, झालं .३७७. तोंड सरळ झालं की बाहेरून एवढंच यायला पाहिजे, एखादा थाउ इकडेतिकडे. कमाल मर्यादा .३८०. तो .३७० वर गेलाय म्हणजे सात थाउ आत घुसवलंय, त्याच्या काढलेल्या गोळ्यांवर गोल खाच पडलेली दिसेल बघा. त्या गोळ्या परत वापरू नयेत, अचूकता गेली त्यांची.

डायची सेटिंग परत शून्यापासून करा. क्रिम्पची डाय पूर्ण वर घ्या, मग थोडी थोडी खाली, आणि बॅरल पिस्तुलातून काढून त्यात डमी (दारू-प्रायमर नसलेलं) काडतूस सोडून बघा. स्वतःच्या वजनाने खाली जाऊन टक आवाज करून बसलं आणि बॅरल उलटी केल्यावर आपोआप पडलं की तिथेच थांबायचं.

---

सीबीएस_वकील

कायद्यावर मी बोलतो, थोडक्यात बोलायचा प्रयत्न करतो पण जमत नाही.

ओहायोत जे चालतं ते इथे चालत नाही हे मामांना माहीत आहे, पण हे वाचणाऱ्या बाकी लोकांसाठी. १९५९ चा शस्त्र कायदा. कलम ३ खाली हत्यार आणि दारूगोळा बाळगायचा परवाना, आणि कलम ५ खाली बनवणं, विकणं, दुरुस्त करणं, यांचा वेगळा परवाना. तुमच्याकडे घरी परवान्याचं रिव्हॉल्वर आहे म्हणून तुम्ही काडतूस भरू शकता असं होत नाही, ही दोन वेगळी दुकानं आहेत. ९ एमएम तर सामान्य नागरिकाला प्रतिबंधित बोअर आहे, म्हणून आपल्याकडे परवानाधारकाच्या कमरेला .३२ दिसतं.

आता महत्त्वाचं. दारूगोळ्याच्या व्याख्येत काडतुसाचे सुटे भागही येतात आणि ते बनवायची यंत्रसामग्रीही. म्हणजे तो प्लग किंवा डाय तुम्ही सातपूरला बनवून पार्सल केलीत तर "मी फक्त एक टर्न केलेला पार्ट दिला" हे सांगत बसावं लागेल, आणि ऐकणारा टूलरूमवाला नसेल. भाच्याला हेही सांगा की दिवाळीला येताना मामाला दाखवायला म्हणून चार रिकाम्या पुंगळ्या आणि गोळ्या बॅगेत टाकू नकोस. रेंजवर वापरलेली बॅग तशीच प्रवासाला आणतात लोक, तिच्या अस्तरात एखादं काडतूस राहिलेलं असतं आणि विमानतळावर स्कॅनरमध्ये दिसतं. मग मुद्दाम नव्हतं आणलं, माहीतच नव्हतं, हे कोर्टात सिद्ध होतंही, पण तोपर्यंत सुट्टी संपलेली असते.

---

टूलरूम_सातपूर

बाप रे, बॅगेचं डोक्यातच नव्हतं. तो रेंजवर जी सॅक नेतो तीच घेऊन येतो दरवेळी. आजच सांगतो. आणि लेथवर करून देण्याचा विचार मनात आला होता हे कबूल, पण राहिलं आता, तिकडेच मागवेल.

---

निफाड_द्राक्षबाग

विषयाला धरूनच विचारतो, वेगळा धागा काढत नाही. वडिलांच्या नावावर .३२ रिव्हॉल्वर आहे, परवाना रीतसर, काडतुसं जुनी आहेत. परवा साफ करताना बघितलं तर दोन काडतुसांमधली गोळी किंचित हलते. वरच्या चर्चेप्रमाणे ती टेबलाला लावून दाबून बघू का? आणि रिव्हॉल्वरमध्येही ती मागे सरकायचा धोका असतो का?

---

फिनिक्सवाला_पंचवटीचा

दादा, भरलेलं जिवंत काडतूस दाबून बघू नका. वरची सगळी परीक्षा रिकाम्या पुंगळीवर आणि स्वतः भरणाऱ्यासाठी आहे. तुमची फॅक्टरीची आहेत, गोळी हलतेय हे तुम्हाला दिसलंय, निकाल लागला.

रिव्हॉल्वरमध्ये गोष्ट उलटी होते. तिथे काडतूस उतारावर आपटत नाही, सिलिंडरमध्ये शांत बसलेलं असतं. पण पहिली फैर झाडली की हत्यार झटक्याने मागे येतं, बाकीच्या काडतुसांच्या पुंगळ्या रिममुळे त्याच्याबरोबर मागे येतात आणि सैल गोळी जडत्वाने जागेवर राहते, म्हणजे पुंगळीतून पुढे निघते. जास्त निघाली तर सिलिंडरच्या तोंडाबाहेर येते आणि सिलिंडर फिरतच नाही. हलक्या .३२ ला झटका कमी असतो त्यामुळे होईलच असं नाही, पण जुनं काडतूस, त्यात दमट हवा, दारूचाही भरवसा नाही. रिव्हॉल्वरला म्हणूनच खाचेत वळवलेला क्रिम्प देतात, तिथे क्रिम्पला खरंच काम आहे.

---

सीबीएस_वकील

निफाडकर, ती दोन बाजूला काढा आणि परवान्याच्या वहीवर जिथून घेतली त्या परवानाधारक दुकानदाराकडे वहीसकट घेऊन जा, तो सांगेल. परवाना वडिलांच्या नावावर असेल तर वडिलांनीच जायचं, तुम्ही एकट्याने खिशात घालून नाही. विहिरीत, नाल्यात, बांधावर पुरून टाकणं वगैरे करू नका, नोंदीत कमी भरली की प्रश्न तुम्हालाच.

---

देवळाली_कॅम्प_निवृत्त

गोळी मागे सरकणे यावरून आठवलं म्हणून लिहितो, विषयांतर वाटलं तर सोडून द्या. मोठ्या तोफेत उलटा प्रकार असतो. १५५ मिलिमीटरच्या तोफेत गोळा वेगळा आणि चार्ज वेगळा, पुंगळीत पकडून ठेवायचा प्रश्नच नाही. गोळ्याला मागच्या बाजूला मऊ धातूचा पट्टा असतो, ड्रायव्हिंग बँड, आणि गोळा रॅमरने जोरात आत ठोकला की तो पट्टा बॅरलच्या सुरुवातीच्या निमुळत्या भागात घट्ट रुततो. रॅमिंग नीट झालं नाही आणि नळी वर उचलली की गोळा सुटून मागे चार्जवर येऊन बसतो. त्याची धास्ती ट्रेनिंगमध्ये अशी भरवलेली असते की रॅमिंगचा आवाज नुसता ऐकूनच जुना माणूस सांगतो बसला की नाही. अंबडवाले म्हणाले तसंच, पकड ही मऊ धातू रुतण्यात असते, मागून कितीही आवळा.

---

अंबड_प्रेसटूल

साहेब याच्यावर तुम्ही वेगळा धागा काढाच, रॅमिंगला जोर किती लागतो वगैरे.

दादा, एक राहिलं. तुम्ही लिहिलंत एका मार्कच्या पुंगळ्यांची भिंत .००९ आहे. त्या बाजूला काढा. साइझिंग डाय बाहेरचा व्यास पक्का करते, आतला नाही. बाहेर .३७३ आणि भिंत .००९ म्हणजे आतून .३५५, गोळीच्या बरोबर, पकड शून्य. प्लग बदलला तरी त्या पुंगळ्यांमध्ये गोळी सैलच राहणार आणि भाचा परत म्हणेल मामा काही उपयोग झाला नाही.

---

टूलरूम_सातपूर

अपडेट. प्लग आला, .३५२५ मोजला त्याने. दारू आणि प्रायमर न घालता डमी बनवल्या. जाड भिंतीच्या सगळ्या पुंगळ्यांमध्ये गोळी आता तोंडावर उभी राहते, बसवल्यावर बाहेरून बघितलं की गोळीचं बूड कुठपर्यंत आहे ते पितळेवर हलकं उमटलेलं दिसतं, खाली पुंगळी किंचित बारीक. आधी हे दिसतच नव्हतं, नळीसारखी सरळ होती. अंगठ्याने जीव खाऊन दाबलं तरी लांबीत फरक नाही. क्रिम्प .३७७ वर आणून सोडला. डमी बॅरलमध्ये टक करून बसते आणि उलटी केली की पडते. मग तीच डमी त्याने मॅगझिनमधून स्लाइड सोडून परत परत चेंबर करून बघितली, लांबी तीच.

पातळ भिंतीच्या पुंगळ्यांचं अंबडवाल्यांनी म्हटलं तसंच झालं, पहिल्याच परीक्षेत, साइझिंगनंतरच गोळी सुळकन आत. त्याला वाईट वाटतंय टाकायला कारण त्या भरपूर आहेत. विचारतोय की याच्यासाठी एक थाउ बारीक साइझिंग डाय मिळते ती घेऊ का, की तापवून मऊ करून काही जमेल?

आणि सैल काडतुसं हातोड्याने फोडतोय रोज थोडी थोडी. हात दुखतो म्हणतो. दुखू दे.

---

फिनिक्सवाला_पंचवटीचा

बारीक डाय मिळते, लोक वापरतातही, पण एक थाउने आतला व्यास .३५४ वर येईल, गोळीपेक्षा एकच थाउ कमी. अंबडवाल्यांनी निदान दोन थाउ सांगितलेत, म्हणजे नापासच, आणि मी नापासांवर ३५,००० पीएसआय लावत नाही. तापवायचा तर विचारही नको. मऊ केलं की पितळ परत यायची ताकदच जाते, म्हणजे पकड अजून कमी, आणि एवढ्याशा पुंगळीत उष्णता बुडापर्यंत गेली तर बूड मऊ पडतं, जिथे सगळ्यात जास्त ताकद लागते.

रेंजवर पुंगळ्या फुकट पडलेल्या असतात. त्या पातळ भिंतीच्या, आणि जिथे जिथे तोंडाला बारीक चीर दिसेल त्या, दोन्ही भंगारात. चीर डोळ्याला दिसत नसेल तर मूठभर पुंगळ्या हातात घेऊन खुळखुळवा, चिरलेलीचा आवाज बद्द येतो, वेगळा कळतो. बाकीच्या मार्कप्रमाणे वेगळ्या डब्यात ठेवायची सवय लाव म्हणावं.

---

टूलरूम_सातपूर

कळवलं. भंगारात म्हटल्यावर पहिला प्रश्न आला, मामा पितळेला भाव काय मिळेल. आमचाच भाचा.